उतारा आला का?

रविवारी सकाळी गावाहून चुलतभावाचा मेसेज आला, 'ताई उतारा आला का?' मोबाइल टेबलावर चार्जिंगला लावलेला आणि शेजारी आमचे चिरंजीव पोहे खात बसलेले. सातवीत आहे, इंग्लिश मीडियम, पण दुसऱ्यांचे मेसेज वाचण्यापुरतं मराठी उत्तम येतं. पोह्यातले शेंगदाणे एका बाजूला काढत त्याने मला विचारलं, "आजी परत लिंबू टाकून आली का कोपऱ्यावर?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला दोनच उतारे माहितीयेत, एक आजीचा आणि एक मराठीच्या पेपरातला. चुलतभावाला एकच माहितीये, सातबारा. आणि माझ्या डोक्यात त्या आठवड्यात तिसराच घुमत होता कारण मी साखरेचा उतारा उतरवत होते.

सांगते. मी रेकॉर्डिंग उतरवून काढायचं काम करते. लोकांच्या मुलाखती, भाषणं, मीटिंगा, जे काय येईल ते हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करायचं. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला पाच तास सहज जातात, माणूस पान खाऊन बोलत असेल तर सात. तर त्या आठवड्यात आलेले पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यातले एक रिटायर्ड केमिस्ट, आणि त्यांच्या दर तिसऱ्या वाक्यात उतारा. आमचा उतारा, शेजारच्या कारखान्याचा उतारा, त्या वर्षी पाऊस लांबला म्हणून पडलेला उतारा. शंभर किलो ऊस गाळला तर किती किलो साखर हाती लागली तो उतारा, एवढं सोपं आहे, पण सगळ्या ऊसपट्ट्याचा संसार त्या आकड्यावर चालतो. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचाच तो किमान दर, ठरते ती १०.२५ टक्के उतारा धरून. २०२५-२६ च्या हंगामाला क्विंटलला ३५५ रुपये, आणि त्याच्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त. म्हणजे पॉइंटनंतरच्या एका आकड्यावरून माणसं एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलत नाहीत ते काही उगाच नाही. ऊस तोडून उन्हात पडला, गाडी कारखान्याच्या गेटवर दोन दिवस अडकली, की आतली साखर उतरायला लागते आणि उतारा पडतो. उतारा पण पडतो, ही मला फार मजा वाटली.

मी त्यांना मनातल्या मनात विचारत होते की बाकीच्या नव्वद किलोचं काय. तेही त्यांनी सांगितलं, बगॅस म्हणजे चिपाडं, मळी, प्रेसमड म्हणजे रस गाळून उरलेला गाळ, आणि भरपूर पाणी. पण ते सांगताना आवाज बदलला, जसा आपण लग्नात न आलेल्या नातेवाइकांबद्दल बोलताना बदलतो तसा.

आई मागून आली, स्क्रीनवर वाचलं 'साखर उतारा' आणि म्हणाली, काय लिहिलंय ते मला पण दे. तिला डायबेटिस आहे. साखरेचा उतारा आणि साखरेवर उतारा यात फक्त एका प्रत्ययाचा फरक, आणि एका बाजूला साखर पाहिजे म्हणून जीव टाकणारे, दुसऱ्या बाजूला नको म्हणून.

'वर'वाला उतारा म्हणजे औषध, पण साधं औषध नाही. सर्दीवर उतारा कुणी म्हणत नाही. बाहेरून काहीतरी अंगात शिरलंय, चढलंय, ते खाली आणायचं, तेव्हा उतारा. विष चढतं, दारू चढते, राग चढतो, ताप चढतो आणि मग सगळे उतरतात. दारूवरच्या उताऱ्याबद्दल मी लिहीत नाही, आमच्या चाळीत लिंबूपाण्यापासून ताकापर्यंत सगळ्याचे प्रयोग व्हायचे आणि एकाचाही गुण आलेला मी पाहिला नाही.

पण विषाचा पाहिलाय. आमचं गाव गुहागर तालुक्यात. मे महिन्यात काका गोठ्यामागची लाकडं काढायला गेला आणि हाताला फुरसं चावलं. फुरसं म्हणजे एवढंसं, दीड फुटाचं पण नसेल, अंगावर अंग घासून करवतीसारखा आवाज करतं. शेजारच्या वाडीतला एक म्हातारा विंचू उतरवायचा, मंत्र म्हणत हात वरून खाली आणायचा, कुणीतरी म्हणालं त्याला बोलवा. काकू म्हणाली विंचू उतरवतो तो, फुरसं नाही, रिक्षा बोलवा. काकूचं शिक्षण चौथी. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी काय केलं तर काकाचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि ती नळी नुसती टेबलावर उभी करून ठेवली. २० मिनिटं. आम्ही सगळे त्या नळीकडे बघत बसलेलो. मग त्यांनी ती हळूच आडवी केली आणि रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नव्हतं. फुरशाच्या विषाने तेच होतं, रक्त गोठायचं विसरतं. मग सलाइनमधून सापाच्या विषावरच्या औषधाच्या १० बाटल्या गेल्या, पावडर असते ती, पाण्यात विरघळवून देतात. काही तासांनी परत नळी, परत २० मिनिटं, आणि या वेळी आडवी केली तर रक्त जागच्या जागी, लालभडक जेलीसारखं. काकूने तेव्हा पहिल्यांदा पदराने तोंड पुसलं.

मी परळची, हाफकिनच्या गेटवरून शाळेत जायचे, पण आत काय चालतं ते मला काकाच्या त्या रात्रीनंतर वाचून कळलं. १८९९ साली प्लेगच्या लशीसाठी तिथे प्रयोगशाळा आली आणि पुढे सर्पविषावरच्या औषधासाठीही ते नाव झालं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांचं विष अगदी थोडं थोडं वाढवत घोड्याला देतात, घोडा मरत नाही, त्याचं रक्त उत्तर तयार करतं आणि ते उत्तर काढून घेऊन आपल्याला देतात. म्हणजे उतारा आधी घोड्यात तयार होतो आणि मग आपल्यात उतरतो. विंचवावर मात्र तसं घोडंबिडं न लागणारं उत्तर सापडलं ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना, ब्लड प्रेशरसाठी वापरायची प्राझोसिनची साधी गोळी. लाल विंचू चावून कोकणात माणसं पटापट जायची ती वाचायला लागली. त्याच्या चारशे वर्षं आधी एकनाथांनी भारुडात विंचवावर उतारा म्हणून सत्त्वगुणाचा अंगारा लावायला सांगितलाय, पण तो विंचू वेगळा, त्याच्यावर अजून गोळी निघालेली नाही.

आता आईचा उतारा.

लोकांना वाटतं शनिवारी सिग्नलला मिळणारं लिंबू-मिरची म्हणजे उतारा. नाही. ते टांगतात ते आधीचं, काही येऊ नये म्हणून. उतारा नंतरचा, आलंय ते काढायला. भात, त्यावर दही, चिमूटभर गुलाल, कधी लिंबू, कधी नारळ, माणसावरून उतरवायचं, तिन्हीसांजेला तिठ्यावर नेऊन ठेवायचं, आणि परत येताना मागे वळून बघायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. गावाला हे सोपं आहे, तिठ्यावर कुत्रंसुद्धा नसतं. भांडुपला आमच्या जवळचा तिठा म्हणजे जिथे आमची गल्ली एलबीएस रोडला मिळते तो. माझा मुलगा गेल्या वर्षी महिनाभर तापात होता, डॉक्टरांचं सगळं चालूच होतं, पण आई एका संध्याकाळी कागदी प्लेट घेऊन निघाली. तिला एकटीला कशी सोडणार म्हणून मी मागून. तिने डिव्हायडरच्या कडेला प्लेट ठेवली आणि वळली, आणि आता एलबीएस रोड क्रॉस करायचा, संध्याकाळी सातला, मागे न बघता! उजवीकडून बस, डावीकडून उलट्या बाजूने येणारे डिलिव्हरीवाले. मी ओरडले आई थांब, तर ती बोलेना, कारण बोलायचं नसतं. शेवटी ट्रॅफिक हवालदाराने हात दाखवून गाड्या थांबवल्या. त्यालाही ती थँक्यू म्हणाली नाही. तो बिचारा मला म्हणाला, घरी गेल्यावर सांगा त्यांना माझ्याकडून वेलकम. त्याला सगळं कळलं होतं.

ताप उतरला. कशाने उतरला यावर आमच्या घरात दोन मतं आहेत आणि आम्ही तो विषय काढत नाही. पण मला त्यातलं एक राहून राहून आठवतं की आई प्लेट ठेवताना ती गाडीच्या चाकाखाली येणार नाही अशी ठेवत होती. म्हटलं आई, काढून टाकायचंय ना ते, मग चिरडलं तर चिरडलं. तर म्हणाली, कुणाच्या पायाखाली आलं तर त्याला लागेल. म्हणजे उतरवलेलं कुठेतरी जातंच. नाहीसं होत नाही.

मुलाला मी हे सगळं सांगत बसले नाही. त्याचा पुढचा प्रश्न पेपरापुरता होता, पॅसेजला उतारा का म्हणतात. मी म्हटलं पुस्तकातून उतरवून घेतलेला तुकडा म्हणून उतारा. आमच्या वेळी अपठित उतारा असायचा, पाच मार्कांना, आणि त्यात हमखास कुठल्यातरी थोर माणसाच्या बालपणातला एक प्रसंग आणि खाली 'उताऱ्याला योग्य शीर्षक द्या'. मी नेहमी पहिल्या ओळीतले दोन शब्द उचलून द्यायचे. मार्क मिळायचे. पण गोष्टीचा पुढचा भाग काय ते कधीच कळायचं नाही, तो मुलगा नदीत उडी मारतो आणि उतारा संपतो. माझ्या डोक्यात अशी चार-पाच मुलं अजून नदीत आहेत.

नदीवरून आठवलं. शब्दाचं मूळ शोधत मी जरा खोदलं तर निघालं भलतंच. उतरणे आलंय संस्कृत उत्तरण वरून, त्यात तॄ धातू, तरणं, पार होणं. म्हणजे उतरणं हे मुळात खाली येणं नव्हतंच, पाण्यातून बाहेर काठाला लागणं होतं. होडीतून माणूस काठावर पाय ठेवतो तेव्हा खाली उतरतो, बहुतेक त्यातून ते खाली येणं चिकटलं असावं, हा आपला माझा अंदाज. नदीला उतार कुठे आहे असं अजून गावाला विचारतात, चालत पार करता येईल अशी जागा. उत्तीर्णसुद्धा तिथलाच, पार झालेला. म्हणजे माझ्या मुलाला उत्तीर्ण व्हायला उतारा सोडवायला लागतो यात भाषेच्या बाजूने काही चूक नाही. आणि इंग्रजीतला पॅसेज, तोही पार होण्याची वाटच की. आमच्या ४०० स्क्वेअर फुटांत पॅसेज आहे तो चपलांच्या स्टँडने अर्धा बंद झालाय ती गोष्ट वेगळी.

बाबांच्या तोंडी प्रवासी हा शब्द नसायचा, उतारू असायचा. बोटीचे उतारू, एसटीचे उतारू. चढून बसलेल्या माणसाला उतारू म्हणायचं, म्हणजे तू कुठे बसलास याला किंमत नाही, तू उतरणार कुठे ते बोल. लोकलमध्ये रोज हेच चालतं. कुर्ला सोडलं की लेडीज डब्यात मागून खांद्यावर दोन बोटं लागतात, "दादर?" एवढंच. आपण मान हलवायची. नाही हलवली तर ती बाई आपल्याला वळसा घालून पुढे सरकते आणि तिच्या पुढचीच्या खांद्यावर दोन बोटं. बाबा साठच्या दशकात आले ते धोपाव्यावरून तरीने दाभोळ आणि दाभोळहून बोटीने. बोट लांब खोल पाण्यात उभी राहायची, पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, तिच्यापर्यंत जायचं आणि लाटेवर पडाव वर आला की शिडी पकडायची. सोबत पत्र्याची ट्रंक. भाऊच्या धक्क्याला उतरले, त्याला साठ वर्षं झाली, पण कुणी विचारलं कुठले तुम्ही तर गावाचं नाव सांगायचे. परळ कधीच नाही.

गेल्या पावसाळ्यात बाबा गेले.

चुलतभाऊ विचारत होता तो उतारा त्यासाठी. वारस नोंद करायची, त्यासाठी सातबारा. मुंबईच्या माणसाला हा कागद समजावून सांगायला लागतो कारण इथे बहुतेक ठिकाणी सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक चालतं, आणि त्यावर आपलं नाव नसतंच, सोसायटीचं असतं किंवा तीस वर्षांनी अजून बिल्डरचंच. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कुणाची, बारामध्ये तिच्यात काय पिकलं. मूळ रजिस्टर सरकारदरबारी, आपल्याला मिळतो तो त्यातला उतरवून दिलेला तुकडा, म्हणून उतारा. आता डिजिटल सहीचा घरबसल्या १५ रुपयांत डाउनलोड होतो.

मी डाउनलोड केला तर बाबांच्या नावातला अनुस्वार गायब. हाताने लिहिलेले जुने सातबारे कॉम्प्युटरवर चढवले तेव्हा कुणाच्या तरी हातून तो राहिला. चढवताना उतरला म्हणू. एक टिंब. पण मृत्यूच्या दाखल्यावर टिंब आहे आणि उताऱ्यावर नाही, म्हणजे कागदोपत्री दोन वेगळी माणसं, एक मेलेला आणि एक जमीनमालक. दुरुस्तीसाठी महसूल संहितेचं कलम १५५, लेखनप्रमाद म्हणजे लिहिण्यातली चूक, त्याचा अर्ज, त्याला जोडायला जुना हस्तलिखित उतारा, तो फाटका. तीन चकरा मारल्या. एका कार्यालयात मला एक साहेब म्हणाले, मॅडम एका टिंबाने काय होतं. मी म्हटलं तेच तर मी तुम्हाला विचारायला भांडुपहून आलेय.

तसा मला त्या टाइप करणाऱ्याचा रागही येत नाही. तो माझाच व्यवसायबंधू. मी पण रोज हेच करते. आमचे नियम आहेत, बोलणाऱ्याचं 'म्हणजे', 'काय ते', 'असं' गाळायचं, खोकला, हसू, मोबाइलची रिंग, मागचं घरातलं बोलणं घ्यायचं नाही, फारच गरज पडली तर कंसात. क्लायंटला साखर पाहिजे असते. चिपाडं कुणाला पाहिजेत.

शेवटी टिंब आलं, वारस नोंद झाली, फेरफार, म्हणजे नावातला बदल, मंजूर झाला आणि नवा उतारा आला. चुलतभावाला पाठवला. आई म्हणाली वाच. मी वाचत गेले. क्षेत्र, आकार, पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी कातळाची जमीन, ती आमच्याकडे भरपूर. मग बाबांचं नाव, आणि नावावर आडवी रेष. पूर्वी माणूस गेला की नावाला कंस करायचे, आता रेष मारतात. त्याखाली आईचं नाव, माझं, भावाचं. आई जन्मात पहिल्यांदा सातबाऱ्यावर आली होती, तर तिचा प्रश्न काय, "अनुस्वार लावला का रे त्यांनी?" रे म्हणते मला अजून. मी म्हटलं लावला. रेषेखाली, पण लावला.

मग परवा मी एक काम काढलं जे वर्षभर ढकलत होते. बाबा असताना मी एकदा मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं, जमिनीच्या खाणाखुणा सांगताना, कारण त्या कुठल्याच नमुन्यात नसतात. कुठला बांध कुणी सरकवला, कलमं किती, वाऱ्यात पडलं ते कुठलं, पाणी कुठून उतरतं. एक्केचाळीस मिनिटं. हेडफोन लावला आणि सवयीने टाइप करत गेले, भराभर, गाळत गाळत. घरच्या भाताबद्दल बोलताना म्हणतात शंभर किलो भरडलं की साठसुद्धा उतरत नाही, आपल्या जातीला उताराच कमी, पण पेज अशी व्हायची. पेज कशी व्हायची ते सांगत नाहीत, नुसता आवाज करतात, ओठांचा. तो मी गाळला. मग मागे गेले आणि बसून राहिले, तो आवाज कसा लिहायचा ते मला अजून जमलेलं नाही.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला वरच्या बांधाचं चालू असताना मध्येच आत बघून ओरडतात, "अगो, दूध उतरव आधी." मागचं घरातलं बोलणं, घ्यायचं नाही. मी घेतलं, कंस न करता, बांधाच्या वाक्याच्या मधोमध आहे तिथेच. त्यानंतर सांडशीचा आवाज येतो, भांडं ओट्यावर ठेवल्याचा, आणि लांबून आई म्हणते, "केव्हाच उतरवलंय."